हरलेले कबूतर आणि न हरणारा अ‍ॅम्प्लिफायर

हाय-फाय, म्हणजे ध्वनिमुद्रणातील मूळ आवाजाशी शक्य तितके इमान राखून तो घरात वाजवून दाखवणारी यंत्रणा, विकत घेतल्यानंतर काही आठवड्यांतच तिच्या मालकाला जो पश्चात्ताप होऊ लागतो, त्याचे कारण ऐपतीबाहेरचा खर्च हेच आहे, असे मत लखनौच्या दिवाणखान्यांत जितक्या ठामपणे मांडले जाते तितक्याच ठामपणे ते पुण्यामुंबईतही मांडले जाते. आणि त्याला इतकी सार्वत्रिक मान्यता आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. या मताचा पुरस्कार करणाऱ्यांत सर्वांत पुढे असतात ती शौकिनाच्या घरातील माणसे, ज्यांना अ‍ॅम्प्लिफायरची खरी किंमत कधीच सांगितलेली नसते आणि ज्यांनी ती तरीही अचूक ओळखलेली असते. त्यांच्या पाठोपाठ येतात ते संस्कृतिरक्षक, ज्यांच्या मते हा सारा परदेशी चंगळवादाचा संसर्ग असून नवाबी लखनौच्या संयत रसिकतेला अशी खुळे ठाऊकच नव्हती. ही दोन्ही मते ऐकायला रास्त वाटतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले मत रोगाचे निदान चुकवते, दुसरे इतिहास चुकवते, आणि दोघांच्या चुकीचा खरा लाभ होतो तो पुढचे यंत्र विकण्यासाठी बसलेल्या विक्रेत्याला.

इतिहासाची चूक आधी दुरुस्त करावी, कारण तिच्यातच निदानाचा धागा सापडतो. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून ‘दिलगुदाज’ या आपल्या मासिकात जी लेखमाला लिहिली आणि जी पुढे ‘गुजिश्ता लखनऊ’ या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात अवधच्या शौकांची जी जंत्री आहे तिच्यापुढे आजचा कोणताही ध्वनिशौकीन काटकसरी गृहस्थ वाटावा. कोंबड्यांच्या झुंजी, लावे आणि तित्तिर यांच्या झुंजी, पतंग आणि कबूतरे यांच्यासाठी माणसांनी आयुष्ये आणि जहागिरी वेचल्या. १८५६ मध्ये अवधचे राज्य गमावून कलकत्त्याच्या मटियाबुर्ज भागात राहायला गेलेल्या वाजिद अली शाह यांनी तर, शररांच्या सांगण्यानुसार, रेशमासारख्या पंखांच्या कबुतरांची एक जोडी २४,००० रुपयांना विकत घेतली. एकोणिसाव्या शतकातील २४,००० रुपये, राज्य गेलेले, उत्पन्न म्हणजे इंग्रजांकडून मिळणारे निवृत्तिवेतन, आणि खरेदी म्हणजे दोन पक्षी. खर्चाच्या प्रमाणावरच पश्चात्ताप ठरत असता तर मटियाबुर्जमध्ये पश्चात्तापाशिवाय दुसरे काही पिकलेच नसते. परंतु ज्या शौकांवर लखनौने अक्षरशः घरे धुऊन टाकली, त्या शौकांच्या आठवणींत दारिद्र्य आहे, कर्ज आहे, प्रतिस्पर्ध्याबद्दलचा मत्सर आहे आणि मेलेल्या पक्ष्याबद्दलचे दुःख आहे. खरेदीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मनाला लागणारी ती विशिष्ट कुरतड मात्र त्यांत शोधूनही सापडणे कठीण.

याचे कारण कबूतरबाजाच्या स्वभावात नसून त्याच्या शौकाच्या रचनेत आहे. गिरहबाज जातीचे कबूतर घराच्या माथ्यावर तासन्‌तास उडत राहावे ही त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि गोल्यांची टुकडी, म्हणजे थव्याने उडणारी कबुतरे, शेजारच्या गच्चीवरील टुकडीत मिसळून परत येताना परक्याचे एखाददुसरे पाखरू ओढून आणील ही मालकाची महत्त्वाकांक्षा असते. गिरहबाज तासाभरात खाली उतरला तर सारा मोहल्ला पाहतो. गोला दुसऱ्याच्या छतावर उतरला तर तो गेला, आणि सोडवून आणायचा असेल तर मोबदला मोजावा लागतो. आकाश हा पंच आहे, त्याला लाच देता येत नाही, आणि निकाल सूर्यास्तापूर्वी लागतो. अशा शौकात माणूस हरतो, आणि हरलेल्या माणसाला काय हरले हे नेमके माहीत असते. ध्वनिशौकिनाचे यंत्र मात्र कधीच हरत नाही, कारण ते कोणत्याही सामन्यात उतरवलेच जात नाही. ते फक्त विकत घेतले जाते, वाखाणले जाते आणि कालांतराने संशयास्पद ठरते. त्याचा पश्चात्ताप हा पराभवाचा शोक नसून निकाल न लागलेल्या खटल्याचा मनस्ताप आहे, आणि तो खटला लांबणीवर टाकणारा वकील तो स्वतःच असतो. सदर लेखाचा प्रतिवाद एवढाच आहे की पैसा जास्त गेला म्हणून हा माणूस झुरत नाही, परीक्षा चुकवली म्हणून झुरतो.

परीक्षा कशी चुकवली जाते हे पाहण्यासाठी खरेदीचा प्रसंगच तपासावा लागेल. दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायर एकापाठोपाठ एक ऐकवले जातात आणि ग्राहकाला दुसरा अधिक ‘खुला’, अधिक ‘जिवंत’ वाटतो. आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात, आणि एका डेसिबलहून कमी फरक बहुतेकांना ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतच नाही. तो जाणवतो स्पष्टपणा म्हणून, खोली म्हणून, गायिका दोन पावले पुढे सरकली म्हणून. ज्या विक्रेत्याला हे ठाऊक आहे तो महागड्या यंत्राची कळ केसभर जास्त फिरवतो, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडूनही ती बहुधा फिरतेच, कारण वेगवेगळ्या यंत्रांत कळीची सारखीच जागा म्हणजे सारखाच आवाज असे मुळीच नसते. त्यात आवाजाच्या बारकाव्यांची तंतोतंत आठवण मनात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, आणि एक जोडणी काढून दुसरी लावायला तर दोन-चार मिनिटे जातात. तेवढ्यात चहा येतो. चहानंतर होणारी तुलना ही दोन आवाजांची नसून एका आवाजाची आणि एका किंमतपत्रिकेची असते.

यंत्र घरी येते आणि तेथे ते तसे वाजत नाही. तेव्हा शौकिनांच्या बिरादरीत ज्याला ‘ब्रेक-इन’ म्हणतात तो विधी सांगितला जातो: नवे यंत्र, नवा स्पीकर, इतकेच नव्हे तर नवी वायरसुद्धा शंभर-दोनशे तास वाजवल्याशिवाय ‘मोकळी’ होत नाही, तोवर मत बनवू नये. स्पीकरच्या पडद्याची लवचीकता सुरुवातीला थोडी बदलते हे खरे असले तरी तांब्याच्या तारेला रियाज लागतो असे मानायला पदार्थविज्ञानात आधार नाही. दोनशे तासांत मोकळा होतो तो श्रोत्याचा कान, ज्याला कोणत्याही आवाजाची सवय होते, आणि मोकळा होतो तो विक्रेता, कारण माल परत करण्याची मुदत तोवर उलटून गेलेली असते. एवढ्यावर न थांबता, यंत्राचे पुठ्ठ्याचे खोके, आतील थर्माकोलच्या साच्यांसह, प्लास्टिकच्या पिशवीसह आणि ओलावा शोषणाऱ्या त्या चिमुकल्या पुडीसह, माळ्यावर जपून ठेवले जाते, कारण ‘खोक्यासकट’ विकल्यास जुन्या यंत्राला चार पैसे जास्त येतात. ज्या वस्तूने आयुष्यभर साथ द्यावी म्हणून एवढा खर्च केला, तिच्या निरोपाची तयारी ती आल्या दिवशीच करून ठेवणारा हा ग्राहक नंतर पश्चात्ताप झाला म्हणून चकित होतो, ही गोष्ट मानवी स्वभावाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

मानवी स्वभावाच्या अभ्यासकांनी या विषयाकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे असे नाही. उलट खर्चवादी निदानाला जो शास्त्रीय मुलामा दिला जातो तो त्यांच्याच दप्तरातून आणलेला असतो. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला विसंवादाचा सिद्धान्त सांगतो की दोन परस्परविरोधी समजुती एकत्र बाळगणे मनाला सोसत नाही, म्हणून निर्णयानंतर मन आपल्या निवडीच्या बाजूने पुरावे गोळा करू लागते. त्याआधीच्याच वर्षी जॅक ब्रेम यांनी प्रयोगात स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगून, त्यांतील एक भेट म्हणून निवडू देऊन पुन्हा गुण मागितले, तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि नाकारलेलीचे घटले. आणि नवी मोटार घेतलेले लोक आपण घेतलेल्याच गाडीच्या जाहिराती खरेदीनंतर आवडीने वाचतात असेही १९५७ च्या एका अभ्यासात दिसले. ज्याने शौकिनाला यंत्र विकत घेऊन झाल्यावर त्याच यंत्राची परीक्षणे रात्री दीड वाजता वाचताना पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. परंतु या सिद्धान्ताचा निष्कर्ष काय, तर मन स्वतःची समजूत घालते आणि प्रकरण मिटते. मग ध्वनिशौकिनाचे का मिटत नाही? फेस्टिंगर यांच्या हिशेबाने तो सर्वांत समाधानी ग्राहक ठरायला हवा होता, कारण समजूत घालण्याची साधने त्याच्याइतकी कोणाकडे नाहीत. याचे उत्तर डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ मधील प्रयोगाजवळ सापडते: छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या दोन छायाचित्रांतील एक निवडायला सांगितले असता, ज्यांना निवड पुढे बदलण्याची मुभा होती ते आपल्या चित्रावर कमी खूश राहिले आणि ज्यांना ती नव्हती ते अधिक. दरवाजा उघडा असेल तर मन घरात बसत नाही. हा न्याय लावला तर लखनौच्या अमीनाबादेतल्या एखाद्या दुकानाच्या पावतीवर छापलेले ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ हे वाक्य, ज्याला ग्राहक आजवर उद्धटपणा समजत आले, ते मनःशांतीचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. आणि माळ्यावरचे ते खोके हा सदैव उघडा ठेवलेला दरवाजा.

आता बिरादरीचा मुख्य बचाव. तो असा की संगीत मोजता येत नाही, आकडे आणि उपकरणे सुरांचा आत्मा पकडू शकत नाहीत, म्हणून अंध परीक्षेचा, म्हणजे कोणते यंत्र वाजते आहे हे श्रोत्याला कळू न देता घेतलेल्या परीक्षेचा, येथे काही उपयोग नाही. हा बचाव अन्य कोणत्याही शहरात केला तर कदाचित खपून जाईल. लखनौत, कैसरबागेच्या आसपास, तो करणे धारिष्ट्याचे आहे. विष्णु नारायण भातखंडे नावाच्या मुंबईच्या एका मराठी वकिलाने वकिली सोडून देशभर हिंडून, आपली विद्या सहसा हाती लागू न देणाऱ्या उस्तादांकडून हजारो चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, दहा थाटांत रागांची वर्गवारी केली, आणि १९२४-२५ च्या सुमारास लखनौत भरलेल्या संगीत परिषदांनंतर १९२६ मध्ये याच शहरात मॅरिस कॉलेज उभे राहिले, जे आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे अनेक वर्षे ते चालवले आणि कृष्णराव गिंडे यांच्यासारखी मुले कोवळ्या वयात दूरवरून तेथे शिकायला येऊन राहिली. स्वर कागदावर उतरवले की त्यांचा प्राण जातो, ही तक्रार भातखंडे यांनी आयुष्यभर ऐकली. संगीताचा प्राण त्यानंतरही शाबूत आहे. विशेष लक्षात घ्यावे असे की जयपूरच्या मनरंग परंपरेतील चिजा त्यांनी फोनोग्राफवर मुद्रित करून घेतल्या होत्या. मेणाच्या नळकांड्यावर खरखरत वाजणारे ते यंत्र आजच्या शौकिनाने नख्खासच्या रविवारच्या बाजारातही उचलले नसते, आणि त्यातून भातखंडे यांना राग ऐकू येत होता.

परीक्षेला सामोरे जाण्याची रीतही त्या पिढीला माहीत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिते मांडली आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्या श्रुती वाजवणारी खास हार्मोनियम पुढे आणली. बडोद्यात १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा दावा घराघरांत कुजबुजत न ठेवता जाणकारांच्या सभेपुढे आणला गेला, गाणाऱ्या गळ्याशी ताडून पाहिला गेला, आणि भातखंडे यांच्या पक्षाने तो मान्य केला नाही. कोण बरोबर होते यावर आजही वाद घालता येईल. पण पेटी सभेत आली होती, हे महत्त्वाचे. आपला डिजिटल रूपांतरक, म्हणजे आकड्यांत साठवलेले संगीत पुन्हा विद्युतलहरीत बदलणारी डबी, शेजाऱ्याच्या दहापट स्वस्त डबीपेक्षा चांगली वाजते असा दावा करणाऱ्या शौकिनाला तीच डबी पडद्याआड लावून दाखव म्हटले की त्याला अचानक आठवते की आज विजेचा दाब ठीक नाही.

अशा परीक्षा जेथे काटेकोरपणे झाल्या तेथील निकाल बिरादरीत फारसे चर्चिले जात नाहीत. अमेरिकेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च प्रतीच्या ध्वनितबकडीचा आवाज एकदा थेट आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला. ५५४ प्रयत्नांत श्रोत्यांनी २७६ वेळा अचूक ओळखले, म्हणजे नाणेफेकीने जेवढे ओळखले गेले असते साधारण तेवढेच. तारांच्या बाबतीत तर परीक्षेचीही गरज नाही, साधे गणित पुरते. लखनौच्या लाटूश रोडवर घराच्या वायरिंगसाठी मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार स्पीकरपर्यंत पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो; आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने होणारी घट एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. याउलट वीजजोडणीसाठी घेतलेली सापाएवढी जाड, कापडी वेष्टनाची केबल भिंतीतल्या खटक्यापासून यंत्रापर्यंतचे दीड मीटर अंतर शुद्ध ठेवते असे सांगितले जाते, आणि त्यामागे खांबावरून ओढलेली, पतंगाच्या मांज्याने सजलेली, चार ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली तार असते. लखनौच्या घरात आवाजात गुणगुण येते ती बहुधा चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर चालू असल्यामुळे, आणि तो बदलण्याचा खर्च त्या केबलहून कमी असतो. परंतु इन्व्हर्टरबद्दल मित्रांत बोलता येत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सगळी यंत्रे सारखीच वाजतात असे या प्रतिवादाचे म्हणणे नाही. स्पीकर-स्पीकरांत कित्येक डेसिबलचे फरक असतात आणि ते कोणालाही ऐकू येतात. तबकडीच्या खाचेत फिरणाऱ्या सुईचे आणि तिच्या कार्ट्रिजचेही तसेच. लक्षणीय गोष्ट ही की अशा खरेदीत खरा पश्चात्ताप क्वचितच होतो. दहा फुटी खोलीत आलमारीएवढे स्पीकर आणणाऱ्याला पहिल्या संध्याकाळीच कळते की चूक झाली. तो हसतो, शिव्या खातो, विकून टाकतो आणि लहान आणतो. कुरतड लागते ती जेथे फरक आहे की नाही हेच ठरत नाही तेथे. नव्या झग्यामुळे जुने घर विटके वाटू लागले आणि एकेक वस्तू बदलत जावी लागली, ही दिदरो या फ्रेंच तत्त्वज्ञाची १७६९ मधील तक्रार ध्वनिशौकिनांच्या संदर्भात फार उद्धृत केली जाते. पण दिदरो यांचा नवा झगा खरोखरच किरमिजी होता आणि तो दारातून आत येणाऱ्या कोणालाही दिसत होता. तारेचा किरमिजी रंग फक्त तिच्या मालकाला दिसतो, तोही सकाळी एक आणि रात्री दुसरा.

ज्या गोष्टीने घरातला आवाज सर्वांत जास्त बदलतो ती तर बिरादरीच्या खरेदीच्या यादीत सर्वांत शेवटी येते, कारण ती विकत आणून मिरवता येत नाही: ती गोष्ट म्हणजे खोली. अवधचे नवाब आसफ-उद-दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात रोजगार म्हणून बांधायला काढलेल्या लखनौच्या बड्या इमामबाड्याच्या मध्यवर्ती दालनात, जे सुमारे ५० मीटर लांब असून तुळयांचा आधार न घेता कमानींवर तोललेले आहे, वाटाड्या एका टोकाला काडी पेटवतो किंवा कागद फाडतो आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पर्यटकाला तो आवाज ऐकू येतो. पर्यटक थक्क होतो, घरी परततो, आणि टाइल्सची फरशी, गुळगुळीत गिलावा व मोठी काच असलेल्या आपल्या दिवाणखान्यात स्पीकरखाली ठेवायला पितळी खुंट्या शोधू लागतो. वॉलेस सेबाइन या अमेरिकी प्राध्यापकाला १८९५ मध्ये हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहातील घुमणे दुरुस्त करायला सांगितले गेले, तेव्हा त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून, एकेक गादी वाढवत, आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते. पाच मीटर लांब, चार रुंद आणि तीन उंच अशा रिकाम्या, कठीण पृष्ठभागाच्या खोलीत त्या सूत्राने आवाज विरायला सुमारे दोन सेकंद लागतात, आणि तीत दहा चौरस मीटर जाड गाद्या आल्या की हाच काळ पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. मंद्र सुरांचा घोटाळा त्याने सुटत नाही, त्यासाठी स्पीकरची आणि बैठकीची जागा बदलावी लागते, आणि तेही फुकट असते. तरीही दोन सेकंदांवरून पाऊण सेकंद हा फरक ऐकायला तयार कानाची गरज पडत नाही. सारांश, लखनौतील ध्वनिशौकिनाचा खरा उपकारकर्ता हिवाळ्यापूर्वी कापूस पिंजून देणारा गल्लीतला धुनिया आहे, पण त्याच्या गादीचे परीक्षण कोणी लिहीत नाही.

वारंवारतेच्या आकड्यांचीही अशीच गंमत आहे. चाळीस किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार कंपनांपर्यंत, वाजणारा स्पीकर घेणारा ग्राहक बहुधा पन्नाशीचा असतो, कारण तेवढे पैसे त्याआधी जमत नाहीत. आणि माणसाचा कान तरुणपणीच वीस किलोहर्ट्झवर थांबतो, पन्नाशीत तर बारा-चौदाच्या पुढे फारसे काही उरत नाही. (खालच्या टोकाला कबूतर माणसाहून फार सरस आहे, वीस हर्ट्झखालील, माणसाला मुळीच न जाणवणारी कंपने त्याला ऐकू येतात असे प्रयोगांत दिसले असल्याने, सबवूफर या खर्जाच्या स्पीकरची परीक्षा गिरहबाजाकडे सोपवावी अशी सूचना करता येईल.) शिवाय या यंत्रावर वाजवायचे काय, तर बेगम अख्तर. त्यांची तरुणपणची गाणी मेगाफोन कंपनीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आली, आणि लग्नानंतर काही वर्षे गाणे सोडलेल्या या गायिकेने १९४९ मध्ये पुन्हा सूर लावला तो लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर, जेथील मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वरचे स्वरांश बऱ्याच अंशी कापलेले असत. वरच्या पट्टीत जाताना त्यांचा आवाज जो किंचित चिरत असे आणि ज्यावर श्रोते जीव टाकत, तो साध्या व्हॉल्व्हच्या रेडिओवरही चिरलेलाच पोचला. तोच चिरलेला स्वर ऐकून आजचा शौकीन मित्राला विचारतो की हा दोष कार्ट्रिजचा तर नव्हे.

परीक्षेविरुद्ध उरलेले आक्षेप थोडक्यात आटोपता येतात. अंध परीक्षेत मनावर ताण येतो आणि कान नीट काम करत नाही, असे म्हणतात. मग लाखभर रुपये खिशात घेऊन, विक्रेत्याच्या नजरेखाली, परक्या खोलीत बसलेला कान कोणत्या विश्रांतीत असतो? सूक्ष्म फरक झटपट कळत नाहीत, महिनोन्‌महिने ऐकल्यावरच कळतात, असेही म्हणतात. तर मित्राने दर आठवड्याला गुपचूप तार बदलावी किंवा न बदलावी आणि मालकाने डायरीत लिहून ठेवावे, महिनोन्‌महिने. पद्धत सोपी आहे. दोन्ही यंत्रांचा आवाज मोजमापाने सारखा करावा, एकाने पडद्याआड बसून नाणे उडवून त्याप्रमाणे यंत्र निवडावे, दुसऱ्याने समोर बसून सांगावे, आणि असे १६ वेळा करावे. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, तेव्हा बारा आले तर फरक बहुधा खरा आहे आणि यंत्र अभिमानाने ठेवावे, आठ आले तर स्वस्तातले ठेवून उरलेल्या पैशांच्या गाद्या आणि तबकड्या घ्याव्यात. दोन्ही निकालांत पश्चात्तापाला जागा नाही. पडदे आणि बांबूच्या चिकांची ज्या शहरात कधी वाण पडली नाही, तेथे या परीक्षेला साहित्याची अडचण सांगणे तर अगदीच शोभत नाही.

सर्वांत सबळ आक्षेप मात्र बाकी आहे, आणि तो बिरादरीकडून क्वचितच येतो, कारण तो मांडण्यासाठी आधी बरेच कबूल करावे लागते. आक्षेप असा: समजा फरक काल्पनिक आहे, तरी त्यापासून मिळणारा आनंद तर खरा आहे, जाड तार लावल्यावर ज्याला गझल अधिक गहिरी वाटते त्याला ती खरोखरच गहिरी वाटते, मग पडदा लावून, नाणे उडवून त्याच्या सुखात माती का कालवायची? या आक्षेपाला उत्तर तर्काने देता येत नाही, केवळ अनुभवाच्या हिशेबाने देता येते. तो आनंद टिकला असता तर तो निश्चितच हिरावून घेण्याजोगा नव्हता. पण तो टिकत नाही याची साक्ष बिरादरी स्वतःच देते: ‘अपग्रेडायटिस’ हे आजाराचे नाव तिने स्वतःच स्वतःला दिले आहे, ‘अगदी नवे, जेमतेम पन्नास तास वाजलेले, खोक्यासकट’ अशा जाहिराती तिनेच लिहिलेल्या असतात, आणि पन्नास तास म्हणजे तिच्याच शास्त्रानुसार ब्रेक-इनसुद्धा पुरता न झालेले यंत्र. काल्पनिक फरकाचा आनंद पुढच्या काल्पनिक फरकाची बातमी येईपर्यंतच पुरतो, आणि बातमी दर महिन्याला येते. याला अपवाद असणारे शौकीन लखनौत आहेत, इतरत्रही आहेत. वीस-वीस वर्षे एकच यंत्र वाजवणारे, त्याची किंमत विसरलेले आणि खोके केव्हाच रद्दीवाल्याला देऊन टाकलेले. त्यांची तार जाड असो वा बारीक, त्यांना पडद्याआड नेऊन बसवण्याचे कोणालाच काही कारण नाही.